चाकू, खिशातील : इतिहास, ओळख व संग्रह

ज्या चाकूचे पाते मुठीतील खाचेत मिटवून ठेवता येते आणि त्यामुळे जो म्यानाशिवाय खिशात बाळगता येतो, त्यास खिशातील किंवा घडीचा चाकू म्हणतात. चाकू हा शब्द मराठीत फार्सीमधून आला असून त्याचे मूळ तुर्की भाषेत आहे. तुर्कीमध्ये ‘चाकी’ हा शब्द आजही घडीच्या चाकूलाच लावतात. सुरी हा संस्कृत छुरिकेपासून आलेला शब्द मात्र न मिटणाऱ्या पात्याचा वाचक आहे. महाराष्ट्रीय घरात भाजी चिरण्याचे काम विळीकडे आणि सुपारी कातरण्याचे अडकित्त्याकडे असल्यामुळे घडीचा चाकू येथे बव्हंशी लिहिणाराचे साधन म्हणून वावरला. प्रथम बोरू तासण्यासाठी आणि पुढे शिसपेन्सिलीला टोक करण्यासाठी तो वापरात राहिला. इंग्रजीत त्याचे एक नाव लेखणीवरूनच पडले आहे. पिसाची लेखणी कापण्याचे काम संपल्यावरही ते नाव टिकून राहिले.

बाजारात १०० वर्षांहून जुन्या वस्तूला पुराणवस्तू समजण्याचा प्रघात आहे. परंतु चाकूंचे संग्राहक दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे सर्वच चाकू जुने मानतात. नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्यापेक्षा या वस्तूचा अभ्यास अवघड आहे. नाण्यावर राजा व टाकसाळ यांची नोंद असते. चाकूवर नाव असते, पण ते नेहमी बनविणाऱ्याचे असतेच असे नाही. शिवाय चाकू ही झिजणारी वस्तू आहे. धार लावताना पाते घटते, मूठ तडकली की बदलली जाते, गंज घासून काढताना शिक्का पुसट होतो. संग्राहकाच्या हाती येते ते मूळ वस्तूचे असे उरलेले रूप.

प्राचीन व मध्ययुगीन चाकू : ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा, इ. स. पू. सु. सहाव्या शतकातील चाकू हा घडीच्या चाकूंच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक मानतात. रोमन काळात असे चाकू बऱ्यापैकी प्रचारात होते. केंब्रिज येथील फिट्‌सविल्यम संग्रहालयात इ. स. तिसऱ्या शतकातील एक रोमन साधन असून त्यात पात्याबरोबर चमचा, काटा, टोचा इत्यादी एकाच चांदीच्या चौकटीत घडी करून बसविले आहेत. अनेक साधनांचा चाकू ही आधुनिक काळाची कल्पना आहे, असा समज असणाऱ्याने हा नमुना अवश्य पाहावा.

या सर्व जुन्या चाकूंत पाते केवळ खिळीच्या घर्षणाने उघडे राही. मुठीच्या पाठीत पोलादी स्प्रिंग बसवून पाते उघड्या व मिटलेल्या अशा दोन्ही स्थितींत दाबून धरण्याची रचना नंतरची होय. घर्षणाची जुनी रीत मात्र संपूर्ण नाहीशी झाली नाही. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातील झोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनविलेला लाकडी मुठीचा चाकू याच तत्त्वावर चालतो. त्यातील पाते अडकवून ठेवणारे फिरते कडे १९५५ मध्ये आले. त्यामुळे कडे नसलेला ओपिनेल त्या वर्षापूर्वीचा असण्याचा संभव असतो. अगदी लहान मापांच्या चाकूंना मात्र कडे नसतेच, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शेफील्डचा उद्योग : घडीच्या चाकूचा अभ्यास करणाऱ्यास इंग्लंडमधील शेफील्ड हे गाव टाळता येत नाही. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हेलिन व लॉक्सली या नद्यांचे वेगवान प्रवाह, जवळच मिळणारा धार लावण्याचा वालुकाश्म आणि कोळसा यांमुळे हा धंदा येथे रुजला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या कँटरबरी कथांतील एका पात्राजवळ शेफील्डचा चाकू असल्याचे सांगितले आहे, यावरून त्या काळीही गावाचे नाव दूरवर गेले होते असे दिसते. १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने हॅलमशर येथील कटलर लोकांची कंपनी स्थापन झाली. प्रत्येक कारागिराने आपले चिन्ह तिच्याकडे नोंदवावे आणि ते मालावर उठवावे, असा दंडक तिने घातला. चाकूंच्या ओळखीचे सर्व शास्त्र या नोंदींच्या आधारावर उभे आहे. १७४० नंतरच्या दशकात बेंजामिन हंट्‌समन याने मुशीत वितळविलेले एकजीव पोलाद तयार केले. शेफील्डच्या कारागिरांनी ते फार कठीण म्हणून आरंभी नाकारले, असे सांगतात. पुढे याच पोलादाने गावाची कीर्ती झाली (पहा : पोलाद).

चाकू एक माणूस बनवीत नसे. लोहार पाते घडवी, दुसरा कारागीर ते फिरत्या दगडावर पाजवी आणि तिसरा मूठ, अस्तरपट्ट्या, स्प्रिंग व पाती जुळवून चाकू उभा करी. महाराष्ट्रात शिकलगार हा हत्यारांना धार लावणारा वर्ग होता. शेफील्डमध्ये पाजविणारांची अशीच स्वतंत्र जमात बनली. यांतील अनेक जण कारखान्याचे नोकर नव्हते. एका मोठ्या इमारतीतील खोली व शक्तीवर चालणारे चाक भाड्याने घेऊन ते नगावर काम करीत. अशा स्वतंत्र कारागिरांना गावात ‘लिटल मेस्टर’ म्हणजे लहान मालक म्हणत. परंतु त्यांतील बहुतेकांची मालकी आपल्या हत्यारांपलीकडे जात नसे. त्यांनी केलेल्या चाकूवर नाव उठे ते मोठ्या पेढीचे किंवा दूरच्या व्यापाऱ्याचे.

पाजविण्याच्या कामाची किंमत फार मोठी होती. दगडाची व पोलादाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा रोग ‘पाजविणारांचा दमा’ या नावाने कुप्रसिद्ध झाला. शेफील्डचे वैद्य आर्नल्ड नाइट यांच्या निरीक्षणानुसार कोरड्या दगडावर काम करणारे क्वचितच पस्तिशीपलीकडे जात आणि ओल्या दगडावर काम करणारे पंचेचाळिशीपलीकडे. एंगेल्स याने आपल्या १८४५ मधील इंग्लंडच्या कामगारवर्गाविषयीच्या ग्रंथात हेच आकडे उद्‌धृत केले आहेत. मोत्याच्या शिंपल्याची मूठ व आरशासारखे पाते असलेला चाकू हातात घेणाऱ्याने ही बाजू विसरू नये. संग्राहकांच्या किंमतपुस्तकांतून तिचा उल्लेख सहसा नसतो.

पेढ्यांपैकी जोसेफ रॉजर्स अँड सन्स आणि जॉर्ज वॉस्टनहोम या दोन विशेष महत्त्वाच्या. रॉजर्सचे तारा व माल्टी क्रूस हे चिन्ह १७६४ मधील होय. चौथ्या जॉर्जच्या काळात या पेढीस राजाश्रय मिळाला. १८२२ मध्ये तिने इसवी सनाच्या आकड्याइतकी पाती असलेला ‘वर्षचाकू’ केला व पुढे त्यात पात्यांची भर घालत नेली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी तिने केलेला ७५ पात्यांचा नॉर्फोक चाकू शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये ठेवलेला आहे. हे नमुने वापराचे नव्हेत. पेढीच्या जाहिरातीचे होत. वॉस्टनहोमचे ‘आय एक्स एल’ हे चिन्ह इंग्रजी उच्चारावर बेतलेले असून ‘मी सरस आहे’ असा त्याचा अर्थ लागतो. या पेढीने अमेरिकेच्या बाजारपेठेवर भर दिला व आपल्या कारखान्यास वॉशिंग्टनचे नाव दिले. या दोन प्रतिस्पर्धी पेढ्या १९७१ मध्ये एकत्र आल्या; पण तोवर त्यांचे वैभव संपत आले होते. जुन्या पद्धतीने सबंध चाकू एकहाती करणारे स्टॅन शॉ हे १९४१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी या धंद्यात शिरले आणि २०२१ मध्ये वारले.

ओळखीची साधने : चाकू हाती आल्यावर प्रथम पात्याचे मूळ पाहावे. मुठीतील खिळीभोवती फिरणाऱ्या या बिनधारेच्या भागास व्यवसायात टँग म्हणतात. चिन्ह, पेढीचे नाव व देशाचे नाव बहुधा येथेच उठविलेले असते. सतराव्या-अठराव्या शतकांतील चाकूंवर चिन्ह प्रत्यक्ष पात्यावर, ठळक असे आढळते.

रॉजर्सच्या चाकूंवर मुकुटाच्या दोन बाजूंस राज्यकर्त्याची आद्याक्षरे असतात. ‘व्ही. आर.’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची असल्यामुळे असा चाकू १८३७ ते १९०१ या काळातील ठरतो. चौसष्ट वर्षांचा हा अवधी मोठा आहे. तो कमी करण्यास दोन कायदे उपयोगी पडतात. पहिला ब्रिटनचा १८८७ चा मालचिन्हांचा कायदा. जर्मनीतील झोलिंगेनचे काही उत्पादक आपल्या स्वस्त चाकूंवर शेफील्डचे नाव उठवीत, ही तक्रार त्यामागील एक प्रमुख कारण होती. (याच झोलिंगेनला स्वतःच्या नावाच्या रक्षणासाठी १९३८ मध्ये खास कायदेशीर तरतूद करून घ्यावी लागली, ही गोष्ट मनोरंजक आहे.) भारतातही १८८९ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा झाला. दुसरा कायदा अमेरिकेचा, १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा. त्यान्वये मार्च १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. त्यामुळे अमेरिकेत सापडलेल्या चाकूवर ‘शेफील्ड’ एवढेच असेल, तर तो बहुधा १८९१ पूर्वीचा आणि ‘इंग्लंड’ हेही असेल, तर बहुधा नंतरचा समजतात. हा नियम सरसकट लावणे मात्र चुकीचे आहे. अमेरिकेकडे न जाणाऱ्या मालाला ते बंधन नव्हते. मुंबईच्या जुन्या बाजारात मिळालेल्या चाकूचा काळ अमेरिकी जकातीवरून ठरविणारे संग्राहक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत!

याहून नेमका पुरावा फळे कापण्याच्या छोट्या चाकूंत मिळतो. फळांतील अम्लाने पोलाद डागाळते, म्हणून त्यांची पाती चांदीची करीत. इंग्लंडमधील चांदीवर कसोटी-कचेरीचे ठसे असतात : सिंह चांदीच्या शुद्धतेचा, मुकुट शेफील्डचा, नांगर बर्मिंगहॅमचा, आणि एक अक्षर वर्षाचे. राज्यकर्त्याच्या मस्तकाचा ठसा कर भरल्याची खूण असून तो १७८४ ते १८९० याच काळात आढळतो. शेफील्डची कचेरी १७७३ मध्ये स्थापन झाली. तिची वर्षाक्षरे १८२४ पर्यंत वर्णक्रमाने दिलेली नाहीत. त्यामुळे कोष्टक पाहिल्यावाचून अंदाज करू नये. शेफील्डचा मुकुट १९७५ मध्ये जाऊन त्याजागी गुलाब आला. नव्या अभ्यासकाने आरंभ या चाकूंपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. किंमत माफक असते व वर्ष निश्चित कळते.

चिन्ह पुसट असेल, तर द्रव्याकडे वळावे. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्ये गंजरोधी पोलाद १९१३ मध्ये तयार केले. म्हणून तसे पाते असलेला चाकू त्याआधीचा असू शकत नाही. अस्तरपट्ट्या व मुठीच्या टोकांवरील टोप्या जुन्या चाकूंत लोखंडाच्या असत. तांबे, जस्त व निकेल यांची जर्मन सिल्व्हर ही पांढरी मिश्रधातू एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. सेल्युलॉइडची मूठ १८७० पूर्वीची असणे शक्य नाही. ते घासल्यास कापराचा वास येतो. हे द्रव्य जुने झाले की विघटन पावते आणि त्यातून निघणाऱ्या अम्लधर्मी वायूंनी शेजारचे चाकूही गंजतात. एका पेटीत एक आजारी सेल्युलॉइड मूठ राहिल्याने सगळा संग्रह खराब झाल्याची उदाहरणे आहेत.

मुठीच्या इतर द्रव्यांत हस्तिदंत, हाड, शिंपला, म्हशीचे शिंग व हरणाचे शिंग ही प्रमुख. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर रक्तवाहिन्यांच्या मार्गांचे बारीक काळसर ठिपके किंवा रेघा असतात. दोन्ही नसतील व पृष्ठ अगदी एकसारखे असेल, तर ते बनावट द्रव्य असण्याचा संभव अधिक. तापलेल्या सुईने टोचून पाहण्याची बाजारी रीत वस्तूस इजा करते. भिंगाने काम होते, सुईची गरज नाही. युरोपीय पेढ्यांना लागणारे शिंग मोठ्या प्रमाणावर भारतातून जाई. ते सांबराचे (रूसा युनिकलर) असून त्याचा गाभा भरीव असल्यामुळे मुठीस उत्तम ठरे. गळून पडलेली शिंगे रानातून गोळा करून हा व्यापार चाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. शेफील्डच्या किंवा झोलिंगेनच्या जुन्या चाकूवरील खडबडीत तपकिरी मूठ ही अशा रीतीने पुष्कळदा भारतीय अरण्यातील असते. त्याचेच अनुकरण म्हणून गुरांच्या हाडावर खाचा कोरून ते रंगविण्याची पद्धत अमेरिकेत फोफावली.

अमेरिकी चाकू : शेफील्डहून स्थलांतर केलेल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कनेक्टिकट व न्यूयॉर्क राज्यांत हा धंदा नेला. न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डन हे त्याचे एक केंद्र बनले. जकातीच्या भिंतीआड तो वाढला. पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथील केस ही पेढी आणि पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांबरोबर चाकूंकडे वळलेली रेमिंग्टन ही कंपनी यांचे नमुने संग्राहकांत सर्वाधिक मागणीचे आहेत. रेमिंग्टनच्या मोठ्या चाकूंच्या मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची चकती असे. कंपनीने १९४० मध्ये हा विभाग विकला व १९८२ पासून त्याच नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. नवी आवृत्ती जुनी म्हणून विकली जाण्याचा धोका येथे मोठा आहे.

केसच्या चाकूंची वर्षवारी इतर कोणत्याही पेढीपेक्षा सोपी आहे. ‘टेस्टेड’ हा शब्द असलेला शिक्का १९२० ते १९४० मधील, नुसता ‘केस एक्स एक्स’ १९४० ते १९६४ मधील आणि खाली ‘यू. एस. ए.’ असलेला १९६५ ते १९६९ मधील होय. १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके आले आणि दरवर्षी एक कमी होत १९७९ मध्ये एकच उरला. या पेढीच्या नमुना-क्रमांकातील पहिला अंक मुठीचे द्रव्य व दुसरा पात्यांची संख्या दाखवितो. उदा., ६२५४ म्हणजे हाडाच्या मुठीचा, दोन पात्यांचा, ५४ क्रमांकाचा नमुना. तोच शिंगाच्या मुठीचा असल्यास ५२५४. क्रमांकाप्रमाणे मूठ नसेल, तर ती बदललेली असण्याची शंका घ्यावी.

बनावट व दुरुस्त चाकू : मागणी वाढली, की बनावट माल येतोच. सामान्य चाकूच्या टँगवरील नाव घासून तेथे दुर्मिळ पेढीचे नाव उठविणे, तुटलेल्या दोन-तीन चाकूंच्या भागांतून एक ‘संपूर्ण’ चाकू जुळविणे आणि नवी मूठ चहाच्या पाण्यात भिजवून जुनी भासविणे, हे नेहमीचे प्रकार. घासलेली टँग पात्याच्या मानाने पातळ होते व मुठीत हलते. खऱ्या जुन्या शिक्क्याच्या कडा पात्याइतक्याच झिजलेल्या असतात. काळवंडलेल्या पात्यावर लखलखीत खोल शिक्का असणे संशयास्पद होय. बदललेल्या मुठीचे रिव्हेट ताज्या धातूचे दिसतात आणि टोपी व मूठ यांच्या सांध्यात फट राहते. पाते उघडताना व मिटताना स्पष्ट टक् असा आवाज आला, की स्प्रिंग शाबूत आहे असे समजावे. पाते किती झिजले, हे त्याच नमुन्याच्या न वापरलेल्या चाकूशी किंवा पेढीच्या जुन्या सूचिपत्रातील चित्राशी ताडून पाहावे. नखाने पाते उचलण्यासाठी असलेली खाच धारेच्या फार जवळ आली असेल, तर पाते बरेच घटलेले असते.

सर्वांत अधिक नुकसान बनावट करणारे करीत नाहीत; हौशी मालक करतात. पात्यावरील राखी किंवा निळसर काळवट थर हा वयाचा पुरावा असून तो पोलादाचे रक्षणही करतो. फिरत्या ब्रशाने तो चकचकीत केला, की पुरावा व किंमत दोन्ही जातात. लाल गंज तेवढा हलक्या खनिज तेलात भिजवून, मऊ कापडाने हळूहळू काढावा. चाकू कातडी म्यानात फार काळ ठेवू नये. कातडे कमावण्याच्या द्रव्यांनी धातू खराब होतो. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत दर पावसाळ्यापूर्वी तेलाचा पातळ हात फिरविणे अगत्याचे आहे.

कायदा : संग्राहकास कायद्याचे भान असावे लागते. भारतात १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाच्या १९९१ मधील दुरुस्तीनंतर आयात हस्तिदंताच्या व्यापारावरही बंदी आली. वस्तू कितीही जुनी असली, तरी हस्तिदंती मुठीचा चाकू विकत घेणे किंवा विकणे येथे गुन्हा ठरतो. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंतविषयक कायदा जून २०२२ पासून अमलात आला असून त्यात मोजकेच अपवाद आहेत (पहा : हस्तिदंत). कळ दाबताच पाते उघडणाऱ्या चाकूंवर अमेरिकेने १९५८ मध्ये व ब्रिटनने १९५९ मध्ये निर्बंध घातले. उत्तर प्रदेशातील रामपूरचा, हिंदी चित्रपटांमुळे गुंडांचे हत्यार म्हणून प्रसिद्ध झालेला रामपुरी चाकू हाही एके काळचा कसबी कारागिरीचा नमुना आहे. भारतीय शस्त्र कायद्याच्या वर्गवारीत, घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी नसलेली ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती शस्त्रांत मोडतात.

शेफील्डमधील केलम आयलंड संग्रहालयातील हॉली संग्रह, झोलिंगेनचे पात्यांचे संग्रहालय आणि फ्रान्समधील त्येर येथील चाकूंचे संग्रहालय ही अभ्यासाची प्रमुख स्थाने होत. हॉली संग्रहात चाकूंबरोबर कारागिरांची हत्यारे, अर्धवट घडविलेली पाती व पेढ्यांची सूचिपत्रेही जपलेली आहेत. खाजगी संग्राहकाने निदान चाकू कोठे, कोणाकडून व कोणत्या साली मिळाला, मिटलेल्या चाकूची लांबी किती, शिक्क्याचा अचूक मजकूर काय आणि त्यावर कोणती दुरुस्ती झाली, एवढे तरी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावे.